आधी मुलाला वाचताना ऐका: नव्या मुख्याध्यापिकेच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा. खाडीकाठच्या गावातली पाचवी ते दहावीची अनुदानित शाळा. पट १४२, शिक्षक सात, एक लिपिक, एक शिपाई. जूनमध्ये सेवाज्येष्ठतेने तुम्ही मुख्याध्यापिका झालात. कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खात होतात ते सहकारी आता तुम्ही स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं की गप्प होतात. गणिताचे सर तुमच्याहून एकाच वर्षाने कनिष्ठ, पण गावात वजन त्यांचं. आठवीच्या २६ मुलांपैकी नऊ जणांना धड्यातला उतारा सलग वाचता येत नाही. संस्थेचे मुंबईकर पदाधिकारी फोनवर फक्त दहावीच्या निकालाचं विचारतात. दिवस पोर्टलवर माहिती भरण्यात संपतो. आणि शेवटी तुम्ही विचारता: कडक वागू, की सांभाळून घेऊ?

मी ३२ वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची १२ मुख्याध्यापिका म्हणून, दापोली-गुहागर पट्ट्यात, एकाच संस्थेच्या दोन शाळांत. "कडक की मऊ" हाच प्रश्न घेऊन मीही पहिलं वर्ष घालवलं, आणि त्या वर्षात माझ्या शाळेतल्या एकाही मुलाचं वाचन सुधारलं नाही. तुम्ही दोन अडचणी वेगवेगळ्या मांडल्या आहेत: शिक्षक साथ देत नाहीत आणि मुलांना वाचता येत नाही. मला ती एकच अडचण दिसते. का, ते पुढे सांगते.

आधी एक मान्य करते. माझं सगळं तुमच्या शाळेला लागू पडेलच असं नाही. संस्था कशी आहे, स्थानिक समितीत कोण आहे, तुमच्या निवृत्तीला किती वर्षं उरली आहेत, लिपिक तयारीचा आहे की सगळं टायपिंग तुमच्याच अंगावर आहे, यावर बरंच अवलंबून असतं. एका शिक्षकाने दोन विषय सांभाळायचे अशी स्थिती असेल तर माझ्यासारखा अर्धा तास बाजूला काढणं तुम्हाला जड जाईल. संचमान्यतेत (पटावरून शाळेला किती शिक्षक मिळतात ते ठरतं त्यात) यंदा कुणी अतिरिक्त ठरण्याची भीती असेल, तर स्टाफरूममधली शांतता कदाचित तुमच्याबद्दलची नसेलच. तेवढं आधी शांतपणे तपासा. नोकरी जाऊन तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला समायोजन होईल या काळजीत असलेला माणूस नव्या उपक्रमाला उत्साहाने हो म्हणत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

आता माझं पहिलं वर्ष. जून २०११. पहिल्याच आठवड्यात मी तीन सूचना काढल्या. मस्टर साडेदहाला माझ्या टेबलावर येईल आणि उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे लाल रेघ पडेल. पाठटाचण, म्हणजे तासाची लेखी तयारी, दर सोमवारी सहीला ठेवायचं. चाचणीत ३५ टक्क्यांच्या खाली मुलं असतील तर विषयशिक्षकाने लेखी खुलासा द्यायचा. टाचणं सुबक होऊ लागली. खुलासे आले, सगळे एकसारखे: विद्यार्थी अनियमित, पालक उदासीन. दुसऱ्या चाचणीत ३५च्या खालची मुलं निम्मी झाली. मला बरं वाटलं. मग एका रविवारी मी त्या उत्तरपत्रिका घरी आणून वाचल्या. प्रश्न सोपे केले होते आणि गुण हात सैल सोडून दिले होते. गुण वाढले होते, मुलं होती तिथेच होती. हे शिक्षकांनी केलं खरं, पण करायला मी भाग पाडलं होतं.

त्याच ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी पाऊस इतका लागला की सहाची एसटी आलीच नाही. स्टॉपच्या शेडखाली मी आणि विज्ञानाचे सर, दोघेच. तासभर थांबलो. इकडचं तिकडचं बोलता बोलता ते म्हणाले, "मॅडम, मी बी.एस्सी. बी.एड. मला प्रकाशाचं परावर्तन शिकवता येतं. ज्याला 'प्र' वाचता येत नाही त्याला काय करायचं, हे मला कुणी कधी शिकवलेलं नाही. तुम्ही खुलासा मागितलात. त्यात हे कसं लिहू?"

माझ्या मुख्याध्यापकपदातली ती सर्वांत उपयोगी पाच मिनिटं होती. माध्यमिकचा शिक्षक वाचता येणाऱ्या मुलाला विषय शिकवायला तयार झालेला असतो. आठवीत न वाचणारं मूल समोर आलं की तो आतून गोंधळतो. कबूल केलं तर आपलं अज्ञान दिसेल, म्हणून गप्प राहतो. मूलही तेच करतं. वाचायला सांगितलं की पोट दुखतं, पुस्तक घरी राहतं, नाहीतर शेजारच्याचं ऐकून ओठ हलवतं. मूल शिक्षकापासून लपवतं, शिक्षक तुमच्यापासून, आणि तुम्ही संस्थेपासून. म्हणून म्हटलं की अडचण एकच आहे. शाळेत "मला येत नाही" असं म्हणायला जागा करून द्यायची, आणि ती सुरुवात खुर्चीत बसलेल्या माणसालाच करावी लागते.

ती कशी करायची, ते आता सविस्तर लिहिते. हाच भाग कामाचा आहे.

त्या नऊ मुलांची नावं शिक्षकांकडून मागवू नका. आठवीच्या सगळ्या २६ मुलांचं वाचन स्वतः ऐका. एका वेळी एकच मूल, दार लोटलेलं, दुसरं कुणी नको, मुलामागे पाचेक मिनिटं. 'प्रथम' नावाच्या स्वयंसेवी संस्थेच्या 'असर' पाहणीत मुलांचं वाचन तपासायला वापरतात ती चार पायऱ्यांची पद्धत मला सोयीची वाटली: अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करायची. तो जमला तर गोष्ट द्यायची, अडलं तर शब्दांवर यायचं, तिथेही अडलं तर अक्षरांवर. आठवीच्या मुलाला आधीच "क, ख" समोर धरलं तर तो अपमान घेऊन परत जातो आणि पुन्हा तुमच्याकडे येत नाही. कागद त्याच्या हातात द्या, आपण शेजारी बसा, आणि चुकलं तरी मध्ये सुधारू नका.

हे केलं की "नऊ मुलांना वाचता येत नाही" हे वाक्यच मोडून पडतं. २०२२मध्ये, कोरोनानंतरच्या पहिल्या पूर्ण वर्षात, मी माझ्या दुसऱ्या शाळेत आठवीची ३४ मुलं ऐकली. ११ अडली, आणि त्या ११ जणांच्या अडचणी पाच प्रकारच्या निघाल्या. चौघे फक्त जोडाक्षरांवर थबकत होते. बाकी वाचन ठीक. ही मुलं सर्वांत लवकर सुटतात, दीड-दोन महिन्यांत. दोन मुलं आंब्याच्या बागेत राखण करणाऱ्या नेपाळी कुटुंबांतली. त्यांना देवनागरी वाचता येत होती, कारण नेपाळीची लिपी तीच. पण वाचलेल्याचा अर्थ लागत नव्हता. त्यांना अक्षरं घोटायला लावणं म्हणजे वेळ फुकट. त्यांना मराठी बोलायला मिळायला हवी होती. एका मुलीला फळ्यावरचंही आणि पुस्तकातलंही नीट दिसत नव्हतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांना तपासायला शाळेत येतं तेव्हा अशा मुलांची नावं आपण आधीच काढून ठेवावीत, म्हणजे गर्दीत ती सुटत नाहीत. चष्मा आला आणि तिचा प्रश्न संपला. दोन मुलगे रात्री वडिलांबरोबर होडीवर जात होते आणि सकाळी वर्गात डोळे मिटत होते. उरलेल्या दोघांची अक्षरं खरोखर फिरत होती, वाचून दाखवलं की मात्र सगळं कळत होतं. अशांची तपासणी करून घ्यावी लागते. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला मंडळाच्या सवलती मिळतात. पण कागद वेळेत हलला पाहिजे, दहावीच्या डिसेंबरात धावपळ करून भागत नाही.

एकाच यादीत पाच वेगळ्या अडचणी होत्या, आणि आपण सगळ्यांना मिळून "कच्ची मुलं" म्हणत होतो.

इथे मला नेहमी महर्षी कर्वे आठवतात. आपल्याच मुरूडचा मुलगा. परीक्षेसाठी पावसाळ्यात घाट चढून चालत साताऱ्याला गेला, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. समोरच्या मुलाकडे नुसतं पाहून त्याच्याबद्दल ठरवून टाकायची सवय आपल्या धंद्यात जुनी आहे. त्याला वाचताना पाच मिनिटं ऐकलं की ती थोडी सुटते.

आता शिक्षकांचं. ही माहिती हाती आल्यावर मी सहविचार सभा बोलावली. आधीच्या वर्षांत मी सभेत सूचना वाचत असे. या वेळी आधी कबूल केलं की या मुलांना कसं शिकवायचं ते मलाही पुरतं येत नाही; मी मराठी शिकवते, पण अक्षरओळख कधी शिकवलेली नाही. मग शेजारच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पहिली-दुसरीच्या बाईंना एका शनिवारी बोलावलं. त्यांनी आम्हा आठ जणांना जमिनीवर बसवून जोडाक्षरं कशी फोडायची ते दाखवलं. माध्यमिकच्या शिक्षकांनी प्राथमिकच्या बाईंकडून शिकायचं, याला आधी थोडी कुरकुर झाली. पण तासाभराने सगळे विचारायला लागले. तुमच्या जवळपासही अशी एक बाई नक्की असेल. आसपासच्या शाळा पाहणाऱ्या केंद्रप्रमुखांना विचारा, ते नाव सांगतील.

वेळ कुठून आणायचा? आमचा परिपाठ अर्ध्या तासाचा होता, तो दहा मिनिटांवर आणला. पहिल्या चार तासिकांतून पाच-पाच मिनिटं घेतली. चाळीस मिनिटं हाताशी आली. सहावी ते आठवीच्या मुलांचे इयत्तेप्रमाणे नाही तर वाचनाच्या पातळीप्रमाणे गट केले आणि प्रत्येक शिक्षकाला एक गट दिला. मागच्या गटांत दहा-बाराच्या वर मुलं ठेवली नाहीत. वाचणाऱ्या मुलांचा मोठा गट ग्रंथालयात, लिपिकाच्या नजरेखाली, आपापलं पुस्तक घेऊन. नववीच्या तीन मुलग्यांना सहावीच्या मुलांबरोबर बसवलं असतं तर ते शाळाच सोडून गेले असते. त्यांना मी स्वतः प्रयोगशाळेत घेत असे. अंकलिपी तर आणलीच नाही. त्यांच्यापुढे मच्छीमार सोसायटीची डिझेलची पावती, एसटीच्या पाट्या, लिलावाची चिठ्ठी, होड्यांवरची नावं असंच ठेवलं. त्यातला एकजण पहिल्यांदा सलग वाचला तो जाळ्याच्या दुकानाच्या बिलावरचा मजकूर. मार्चपर्यंत आठवीच्या ११ जणांपैकी सात गोष्ट वाचू लागले, दोघे परिच्छेदावर आले. अक्षरं फिरणारे दोघे तिथेच राहिले, पण निदान त्यांना काय होतंय ते आम्हाला कळलं होतं आणि त्यांना "आळशी" म्हणणं थांबलं होतं.

तुमच्या गणिताच्या सरांबद्दल. माझ्याही शाळेत तसे एक सर होते. माझी बदली होऊन मी तिथे २०१८मध्ये आले तेव्हा खुर्ची आपल्याला मिळेल असं त्यांना वाटत होतं. दोन वर्षं ते माझ्याशी कामापुरतं बोलत. त्यांना शाळेबद्दल काही वाटत नाही असं मी मनाशी पक्कं केलं होतं. मग ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. आमच्या दोन वर्गांचे पत्रे गेले, कार्यालयाची कौलं उडाली, आणि जनरल रजिस्टरं भिजली. माझ्या गावाकडचा रस्ता पडलेल्या झाडांनी बंद. मला पोचायला दोन दिवस लागले. मी पोचले तेव्हा सरांनी ती रजिस्टरं घरी नेली होती, आणि त्यांच्या ओटीवर एकेक पान सुटं करून त्यात रद्दीचा कागद घालून वाळवत बसले होते. त्यांच्या स्वतःच्या घराचं अर्धं छप्पर उडालेलं होतं. एकोणीसशे पन्नासच्या दशकापासूनच्या मुलांच्या जन्मतारखा त्या पानांवर होत्या. (जाता जाता: तुमची जनरल रजिस्टरं आजच जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वरच्या फळीवर ठेवा, आणि पानांचे फोटो काढून घ्या.)

त्यानंतर मी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. ते कोळीवाड्यालगत वाढलेले. वाचनाचं काम सुरू झालं तेव्हा ते म्हणाले, भाषेचं मला जमणार नाही. मी विचारलं, मग अपूर्णांकाचं काय? आपल्या मुलांना पाऊण म्हणजे काय ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सातवीत भरतीचं गणित घेतलं. किनाऱ्यावर जुन्या माणसांना ठाऊक असलेला तो हिशेब: तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, म्हणून हा हिशेब चालतो. मुलांनी घरी जाऊन आजोबांना विचारलं, पंचांग आणलं, आठवडाभर जेटीवर जाऊन वेळा लिहून आणल्या, आणि कुठे दहा-पंधरा मिनिटांचा फरक पडतो ते सरांशी भांडून सांगितलं. मी तो तास मागच्या बाकावर बसून पाहिला. नंतर सभेत त्यांना विनंती केली की गणिताच्या मूलभूत क्षमतांचं सगळं काम तुम्ही पाहा, वेळापत्रकही तुम्हीच ठरवा, मी त्यात हात घालणार नाही. खरंच घातला नाही. तेवढं मात्र पाळावं लागतं. जबाबदारी देऊन रोज विचारपूस केली तर ती दिली असं होत नाही.

तुमच्या सरांना काय येतं ते मला इथून कसं कळणार? पण गावात वजन असलेल्या माणसाला पालक ओळखतात, हे तरी आहेच. तिथून सुरुवात करून पाहा. आणि हेही सांगते की सगळेच बदलत नाहीत. माझ्या पहिल्या शाळेत एक शिक्षक शेवटपर्यंत तसेच राहिले. त्यांच्यासाठी मी लॉगबुकमध्ये (शिक्षकांच्या कामाच्या नोंदवहीत) नोंदी केल्या, समज दिली, आणि नियमाप्रमाणे संस्थेला कळवलं. त्यात वर्ष गेलं, फारसं काही झालं नाही. पण त्यांच्यामुळे बाकी सहा जणांवर लाल रेघ ओढायची नाही, एवढं मी शिकले होते.

वर्ग पाहायला जाल तेव्हा आधी शिक्षकांना तुमचा तास पाहायला बोलवा. मग तुम्ही जा. पंधरा मिनिटं पुरतात. शिक्षकाकडे बघत बसू नका, शेजारच्या मुलाची वही उघडा. तास कसा चालला आहे ते तिथे कळतं. मुलांसमोर एक शब्दही बोलायचा नाही. दिवस संपायच्या आत भेटून जे चांगलं दिसलं ते नेमकं सांगायचं, आणि सुधारायची एकच गोष्ट सांगायची. लॉगबुक या बोलण्यानंतर लिहायचं. आधी लिहून मग सही मागितली की ती नोटीस होते.

पोर्टलच्या कामाचं माझ्याकडे मोठं उत्तर नाही. शालार्थवरचे पगार, यूडायस प्लसवरची शाळेची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज, हे टळणारं नाही. मी एवढंच केलं: दुपारी अडीचच्या आधी संगणकासमोर बसायचं नाही. सकाळी एक तासिका स्वतः शिकवायची, बाकी वेळ वर्गांत. व्हॉट्सॲपवर "तात्काळ" लिहून आलेली बहुतेक माहिती अडीचपर्यंत थांबू शकते. खरोखर थांबू शकत नाही ती फोन करून मागतात. शिक्षकांना वर्गातून उठवून माहिती भरायला बसवणं मी बंद केलं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. हे कलम घेऊन कचेरीत भांडायला जा असं मी म्हणत नाही, पण शाळेच्या आत तरी ते आपण पाळू शकतो. त्यांचे तास तुम्ही राखताय हे शिक्षकांना दिसलं की स्टाफरूम हळूहळू बोलू लागते. माझ्याकडे दिवाळी उजाडली.

इथवरची उजळणी करते. सप्टेंबरपर्यंत आठवीचं वाचन स्वतः ऐका, मुलं प्रकारांनी वेगळी करा, शिक्षकांपुढे आपलं न येणं आधी कबूल करा, शिकवणारं माणूस बाहेरून आणा, आणि रोजची चाळीस मिनिटं काढा. दिवाळीपर्यंत एवढंच. डिजिटल वर्ग, रंगरंगोटी, स्नेहसंमेलन यांना पुढच्या वर्षी हात घाला.

आता कडकपणाबद्दल. दोन ठिकाणी मी जराही सैल नव्हते, तुम्हीही राहू नका. पहिलं म्हणजे मारणं आणि घालूनपाडून बोलणं. शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम १७ने दोन्हीला बंदी आहे. "गावातलेच पालक म्हणतात मारा" हे उत्तर मी ऐकून घेतलं नाही. दुसरं, मुलीशी किंवा मुलाशी गैरवर्तन झाल्याची नुसती शंकासुद्धा. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती कागदावर असते, ती खरोखर बसवा. तक्रारपेटीची किल्ली तुमच्याकडे ठेवा आणि पेटी दर आठवड्याला तुम्ही आणि समितीतल्या एखाद्या बाई, दोघींनी मिळून उघडा. काही कळलं तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गावकी बसते, "पोरीचं नाव जाईल, गावात मिटवू" असं वडीलधारे सांगतात, संस्थेतूनही फोन येतो. त्या वेळी तुम्ही एकट्या पडाल. तरीही कळवा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येक वर्गात मुलांच्या डोळ्यांसमोर लिहिलेला असू द्या. त्या मुलीच्या बाजूने शाळेत पहिलं कुणी उभं राहायला हवं तर ते तुम्हीच.

मुलांच्या गैरहजेरीसाठी आपलं कॅलेंडर हाताने काढा, छापील नको. आपल्याकडे जुलैत लावणी, मग गणपती, दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं कोळसाभट्टी-वीटभट्टीला जातात, मार्चमध्ये शिमगा ऐन दहावीच्या परीक्षेत येतो, आणि त्याच सुमाराला काजू-आंब्याची कामं सुरू होतात. गणपतीच्या आदल्या आठवड्यात चाचणी ठेवून मग "पालक उदासीन" लिहिण्यात अर्थ नाही. जाणाऱ्या कुटुंबांशी दिवाळीच्या आधी बोला. मूल आजीकडे राहू शकतं का पाहा, नाहीतर दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड हातात देऊन पाठवा आणि जिथे जाणार तिथल्या शाळेला फोन करा. होडीवर जाणाऱ्या त्या दोन मुलग्यांच्या वडिलांशी मी शाळेत बोलावून बोलले नाही. नारळी पौर्णिमेच्या आधी, होड्या किनाऱ्यावर असताना, जाळी विणत बसलेले होते तिथे गेले. शनिवारी रात्री नेतो, बाकी नाही, असं त्यांनी कबूल केलं. सगळं मिळालं नाही, पण शाळेच्या सकाळी मिळाल्या.

आणखी एक यादी लगेच करा: कोणतं मूल ओढ्यावरच्या कोणत्या साकवावरून (छोट्या पुलावरून) येतं. पावसाचा जोर वाढला की जिल्हाधिकाऱ्यांचा सुटीचा आदेश येण्याआधीच पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी चढतं. कोणाला आधी सोडायचं, कोणाला गावात कुणाच्या घरी ठेवायचं, हे शिपाईमामांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. त्यांनाच विचारून ती यादी केली आणि दारामागे चिकटवली.

मुंबईकर मंडळींचं वाईट वाटून घेऊ नका. गावातल्या शाळेसाठी दादर-परळच्या खोल्यांतून वर्गणी काढणारी ही माणसं. त्यांना शाळेबद्दल वाटतं, पण मोजायला निकालाशिवाय दुसरं माप हातात नाही. त्यांना दुसरं माप द्या. दहावीची परीक्षा घेणारं आपलं कोकण मंडळ २०१२पासून निकालात राज्यात पहिलं येतं. २०२४ला दहावीचा निकाल ९९.०१ टक्के होता. जिथे जवळजवळ सगळेच पास होतात तिथे पास होण्यावरून शाळेबद्दल फार कळत नाही. ते गणपतीला गावी येतील तेव्हा एक पान तयार ठेवा: जुलैत परिच्छेदाखाली किती मुलं होती, आता किती आहेत. नावं लिहू नका. मी ते पान दिलं तेव्हा अध्यक्षांनी निकालाचं विचारलंच, पण पुस्तकांना किती लागतील तेही विचारलं.

पट घटण्यावर माझ्याकडे उपाय नाही. घरं मुंबईला जातायत, मुलं कमी आहेत, आणि इंग्रजी शाळेची गाडी दारात येते. त्याचा दोष स्वतःवर किंवा शिक्षकांवर घेऊ नका.

शेवटी डब्याचं. तुम्ही लिहिलंय की आता केबिनमध्येच जेवावं असं वाटू लागलंय. जेवू नका. मी दुसऱ्या शाळेत रुजू झाले तेव्हा रोज स्टाफरूममध्ये, दाराजवळच्या खुर्चीवर बसून डबा खात होते. तीन आठवडे चमच्यांशिवाय आवाज नव्हता. जेवताना शाळेचं काम काढायचं नाही एवढा नियम मी स्वतःपुरता केला होता. चौथ्या आठवड्यात हिंदीच्या बाईंनी काही न बोलता कुळथाच्या पिठीची वाटी माझ्याकडे सरकवली.